एका आंबट मद्याचें रसग्रहण

मराठी भाषेनें आंबट या रसाला न्यायानें वागविलेलें नाहीं. गोड या शब्दाभोंवतीं तिनें आपलें सारें प्रेम गोळा केलें; गोड गळा, गोड बोलणें, गोड बातमी, आणि चुकलेंमाकलें असेल तर 'गोड मानून घ्या' ही विनंति. आंबटाच्या वांट्याला मात्र कोल्ह्याचीं द्राक्षें, आंबट चेहरा आणि आंबटशौकीन हें संशयास्पद विशेषण एवढेंच आलें. आणि तरीहि याच भाषेच्या स्वयंपाकघरांत चिंच किंवा आमसूल यांवांचून आमटीला चव येत नाहीं, कैरीची डाळ व पन्हें यांवांचून चैत्रगौरीचें हळदीकुंकू साजरें होत नाहीं, आणि ताक व आंबील यांवर तर पिढ्यान् पिढ्या पोसल्या गेल्या. आयुर्वेदानें षड्रसांची गणना करतांना मधुरानंतर लागलीच अम्लाचें नांव घेतलें आहे. म्हणजे जिभेनें जें मान्य केलें तें वाणीनें नाकारलें, असा हा प्रकार आहे.

ही विसंगति आम्हांस विशेष प्रकर्षानें जाणवली ती बेल्जमच्या राजधानींत, ब्रुसेल्स येथें, चेरीच्या फळांवर मुरविलेली एक आंबट बीयर चाखतांना. त्या पेयास तेथें क्रीक म्हणतात. तिचें रसग्रहण करण्याचें येथें योजिलें आहे. ग्रंथांची परीक्षणें छापणाऱ्या मासिकांत मद्याची चर्चा कशास, अशी शंका कांहीं वाचक घेतील. आणि ज्या प्रांतांत १९४९ सालचा दारूबंदीचा कायदा नांव बदलून का होईना अद्याप अमलांत आहे व मद्यप्राशनास परवाना लागतो, तेथें ती शंका अस्थानींहि नाहीं. आमचें उत्तर एवढेंच कीं, मद्यपानाचा पुरस्कार हा या लेखाचा हेतु नाहीं. ज्यास मद्य वर्ज्य आहे त्यानें तें वर्ज्यच ठेवावें. परंतु अभिरुचि म्हणजे काय, ती लोकांच्या मागें चालावी कीं लोकांस चार पावलें पुढें न्यावी, हा जो प्रश्न वाङ्मयांत आम्हांस नित्य छळतो, तो या एका पेल्यांत इतक्या स्वच्छपणें उतरला आहे कीं, त्याकडे पाठ फिरविणें आम्हांस योग्य वाटलें नाहीं.

ब्रुसेल्सच्या आंडरलेख्ट भागांत कांतियों नांवाच्या कुटुंबानें १९०० सालीं स्थापन केलेला बीयरचा एक लहानसा कारखाना आहे. मुलगा, जांवई, नातू अशा क्रमानें त्याची मालकी आज चौथ्या पिढींत आली आहे. विसाव्या शतकाच्या आरंभीं त्या शहरांत अशीं कित्येक घरें होतीं. त्या जुन्यांपैकीं हें एकच टिकलें. १९७८ पासून त्यांनीं कारखाना चालू ठेवूनच त्याचें संग्रहालय केलें आहे, त्यामुळें कोणासहि आंत जाऊन सर्व कृति पाहतां येते. आंत चकचकीत असें कांहीं नाहीं. जुनीं लांकडी पिंपें, जुनीं यंत्रें, आणि कोपऱ्याकोपऱ्यांत कोळ्यांचीं जाळीं. तीं जाळीं मुद्दाम झाडीत नाहींत. फळांच्या वासानें येणारीं चिलटें त्यांत अडकतात, आणि कीटकनाशक वापरल्यास ज्या सूक्ष्म जीवांवर सारा धंदा चालतो तेच मरावयाचे!

कृति अशी. मोड आणून वाळविलेले सातू सुमारें दोन भाग व कच्चा गहूं एक भाग घेऊन त्यांचा काढा करितात. त्यांत हॉप नांवाच्या वेलीचीं फुलें घालितात. पण इतर बीयरवाले ताजीं फुलें वापरितात, तर येथें दोनतीन वर्षें जुनीं, कडवटपणा व सुगंध बव्हंशीं गेलेलीं. त्यांचें काम चवीचें नसून रक्षणाचें असतें. काढा कांहीं तास उकळून झाला कीं, तो छपराखालच्या माळ्यावर तांब्याच्या एका विस्तीर्ण व उथळ पात्रांत ओततात आणि रात्रभर उघडा ठेवितात. हवेंत, जुन्या तुळयांत व पिंपांच्या लांकडांत वस्ती करून असलेले सूक्ष्म जीव त्यांत शिरतात. दुसऱ्या दिवशीं तो पिंपांत भरला जातो, आणि पुढें एक ते तीन वर्षें माणसानें वाट पाहावयाची. या पेयाचें नांव लांबिक. उन्हाळ्यांत चेरीचीं फळें आलीं म्हणजे जुन्या लांबिकमध्यें लिटरमागें निदान २०० ग्रॅम या प्रमाणानें तीं आठळ्यांसकट घालितात. कांहीं महिन्यांनीं त्यांत कोंवळी लांबिक मिसळून बाटल्या भरतात. तीच क्रीक.

या कृतीचें मर्म समजण्यास युरोपीय भाषांपेक्षां मराठी अधिक उपयोगी पडते, असें आमचें मत आहे. आपल्याकडे 'आंबणें' हें एकच क्रियापद किती अर्थ वाहून नेतें पाहा! पीठ आंबतें तेव्हां तें फुगून हलकें होतें. राहिलेली भाजी आंबते तेव्हां ती टाकावी लागते. आणि दिवसभर राबून अंग आंबतें. परंतु दुधाच्या बाबतींत हीच भाषा अत्यंत काटेकोर होते. दूध नासतें आणि दूध विरजतें, या दोन क्रियांत आंबटपणा समानच. पण एकींत अपघात आहे व दुसरींत संस्कार. क्रीक ही नासलेली बीयर नसून विरजलेली बीयर आहे, एवढें म्हटलें कीं मराठी गृहिणीस तिचें निम्में रहस्य उलगडलें. दह्यांत जें दुग्धाम्ल असतें तेंच हिच्या आंबटपणाचा मुख्य पाया होय. फरक इतकाच कीं, येथें विरजण लावणारा हात दिसत नाहीं. तें काम ती वास्तु करिते.

हा भेद युरोप मध्यंतरीं विसरला, आणि त्यास कारणहि सबळ होतें. पाश्चरनें १८७६ सालीं बीयरविषयींचा आपला ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यांत आंबटपणा हा रोग ठरविला व त्या रोगाचे जंतु दाखवून दिले. पुढें १८८३ सालीं कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेंत हान्सेन यानें एकाच जातीचें शुद्ध किण्व वेगळें वाढविलें. तेव्हांपासून प्रत्येक पिंप दुसऱ्या पिंपासारखें निघूं लागलें. यानें लोकांचें कल्याण झालें, खराब माल कमी झाला, हें निर्विवाद आहे. परंतु नासलेलें घालवितांना विरजलेलेंहि बव्हंशीं गेलें. गंमत अशी कीं, त्याच प्रयोगशाळेंतील क्लाउसेन यानें १९०४ सालीं इंग्रजांच्या जुन्या मुरलेल्या बीयरमध्यें एक निराळें रानटी किण्व ओळखलें व मुरलेल्या चवीचें श्रेय त्यास दिलें. त्याच कुळांतील एका जातीस पुढें ब्रुसेल्सचें नांव मिळालें. शास्त्रानें ज्याला दाराबाहेर काढलें त्याची योग्यता शास्त्रासच पुन्हां मान्य करावी लागली!

आतां प्रत्यक्ष चवीकडे वळूं. पेल्यांत ओतल्यावर क्रीकचा रंग तांबडा दिसतो. फेंस येतो तो गुलाबी, आणि फार वेळ टिकत नाहीं. पहिला वास फळाचा नसतो. ओलसर तळघर, जुनें कातडें, किंचित् गोठा, अशा वस्तूंची आठवण त्यानें होते, आणि नवख्याचा हात येथेंच थबकतो. मग हळूहळू चेरी वर येते, आणि तिच्या मागून आठळीचा कडवट बदामासारखा सुगंध. पहिला घोट जिभेस चरचरून जातो. डोळे आपोआप बारीक होतात. दुसऱ्या घोटास आंबटपणा तितकाच असतो, परंतु त्यांत आंत शिरावयास जागा सांपडते: सालीचा तुरटपणा, लांकडाचा कोरडेपणा, आणि गिळल्यानंतर बराच वेळ रेंगाळणारें फळ. आवळा खाऊन वर पाणी प्यावें म्हणजे तें गोड लागतें, हा अनुभव प्रत्येकानें घेतला आहे. तसेंच कांहींसें येथें घडतें. साखरेचा लवलेश नसतां तोंडांत गोडीचा भास मागें राहतो.

या भासाचें कारण विचार करण्यासारखें आहे. सूक्ष्म जीवांनीं फळांतील जवळजवळ सर्व साखर खाऊन टाकिलेली असते. साध्या बीयरचें किण्व ज्या शर्करांना स्पर्शहि करीत नाहीं त्यासुद्धां ते सोडीत नाहींत. उरतें तें काय? रंग, गंध, आम्ल, तुरटपणा. गोडी गेल्यावर चेरीचें जें चेरीपण उरलें तें हें. आमच्या मतें उत्कृष्ट वाङ्मयाची रीतहि हीच आहे. अनुभव ताजा असतांना त्यांत जी गोडी असते ती बहुधा आपल्या स्वतःविषयींच्या प्रेमाची असते. ती काळानें खाऊन टाकिली, आणि तरीहि सांगण्यासारखें कांहीं शिल्लक राहिलें, तरच तें सांगावें. जी कविता पहिल्याच वाचनांत घशाखालीं उतरते, तिच्यांत अनुभव किती व साखर किती हें एकदां तपासून पाहण्यास हरकत नाहीं.

येथें प्रतिपक्षाची बाजू मांडणें अवश्य आहे, कारण ती दुबळी नाहीं. आज क्रीक या नांवानें दुकानांत जो माल खपतो त्यांतील पुष्कळसा गोड असतो. त्यांत फळांचा रस व साखर घालून तो सौम्य केलेला असतो. पारंपरिक कृतीच्या 'जुन्या क्रीक'ची १९९७ सालीं युरोपीय संघानें वेगळी नोंद केली ती याच गोंधळामुळें. गोड मालाचे कैवारी म्हणतात कीं, लोकांस आवडतें तें द्यावें. आणि ब्रुसेल्सकर तरी पूर्वीपासून साखर घालीतच होते ना? तें खरें आहे. साखर घातलेल्या लांबिकला फारो म्हणत व ती तेथें सर्वसाधारण माणसाचें पेय होती. फ्रेंच कवि बोदलेर १८६४ ते १८६६ या काळांत ब्रुसेल्समध्यें राहिला, शहरावर रागावला, आणि त्या रागांत त्यानें फारोचीहि यथेच्छ टवाळी केली.

परंतु या युक्तिवादांत एक छिद्र आहे. ब्रुसेल्सच्या जुन्या गुत्त्यांत आंबट पेयाबरोबर साखरेचा खडा निराळा देत आणि तो पेल्यांत चेंचावयास धातूची एक लहानशी दांडी देत. म्हणजे साखर घालण्याचा अधिकार पिणाराचा होता. ज्यास आंबट सोसे तो तसेंच पिई. ज्यास न सोसे तो आपल्यापुरता खडा चेंची, आणि उद्यां अर्धाच चेंची. आज कारखानदार तोच खडा सर्वांच्या वतीनें आधींच विरघळवून ठेवितो. यानें पिणाराची सोय होते, पण त्याची वाढ खुंटते. लेखकाचेंहि असेंच आहे. वाचकानें आपल्या दुःखांत हवी तेवढी साखर आपल्या हातानें घालून घ्यावी. लेखकानें ती आधींच कालवून देणें हा वाचकाविषयींचा कळवळा नसून त्याच्या शक्तीविषयींचा अविश्वास होय.

क्रीक निर्दोष आहे असें मात्र आम्ही म्हणणार नाहीं. एका वर्षाची बाटली दुसऱ्या वर्षासारखी निघत नाहीं. क्वचित् आंबटपणा दुग्धाम्लाची मर्यादा ओलांडून शिरक्याकडे झुकतो, आणि मग फळ त्याखालीं चिरडून जातें. फळाचा ताजेपणाहि फार काळ टिकत नाहीं. कांहीं वर्षांनीं रंग विटतो व चेरी दूर जाते. याहून मोठा दोष पेयाचा नसून त्याच्या भक्तांचा आहे. दुर्मिळ म्हणून बाटल्या सांठविणारे आणि चढ्या किंमतीनें विकणारे लोक या लहानशा घराभोंवतीं जमले आहेत. जें चाखण्यासाठीं केलें तें मिरविण्यासाठीं ठेविलें जातें. न उघडलेल्या ग्रंथांच्या सोनेरी पुठ्ठ्यांची आठवण येथें वाचकांस झाल्यावांचून राहणार नाहीं.

खरा धोका आणखी निराळाच आहे. हा काढा हवेनें विरजावयाचा तर रात्र थंड पाहिजे. म्हणून ऑक्टोबर ते एप्रिल एवढाच त्याचा हंगाम. शून्याखालीं ३ पासून वर ८ अंशांपर्यंत रात्रीचें उष्णमान असावें, असा कारखान्याचा अनुभव. २०१५ च्या नोव्हेंबरांत रात्री इतक्या उबदार गेल्या कीं, काम थांबवावें लागलें व केलेला कांहीं माल फेंकून द्यावा लागला. हंगाम दोन्ही टोंकांकडून आंखडत चालला आहे. कृति लिहून ठेवितां येते, पिंपें जपतां येतात. थंडी कोण जपणार? २०१६ सालीं युनेस्कोनें बेल्जमच्या बीयर-संस्कृतीस मानवजातीचा अमूर्त वारसा म्हणून मान दिला खरा, परंतु वारसा नुसत्या नोंदवहींत राहत नाहीं.

आमच्याकडेहि आतां बीयरचीं लहान घरें निघालीं आहेत; पुण्यांत त्यांचा आरंभ २००९ च्या सुमारास झाला. ब्रुसेल्सची हवा कोणास आणतां येणार नाहीं, व आणूं नये. परंतु सह्याद्रीच्या कुशींत कोकम, करवंद, जांभूळ, आंबाडा अशीं आंबट व तुरट फळें आहेत, आणि विरजण्याची विद्या तर घरोघर आहे. ज्यांस या फळांचीं पेयें करावयाचीं असतील, मग तीं मद्यें असोत वा नसोत, त्यांस आमचें एकच सांगणें आहे: फळाला त्याचें बोलणें पुरें करूं द्या. साखरेचा डबा जवळ असावा, पण त्याचें झांकण पिणारानें उघडावें.