पटावरची नाणी आणि खरं शहर

गुंतागुंतीची गोष्ट साध्या नियमांत मांडायची, ते नियम पुन्हा पुन्हा चालवायचे आणि काय होतं ते बघायचं. ही झाली संगणकीय विचारपद्धती. तिचं नेहमीचं उदाहरण म्हणजे अर्थतज्ज्ञ थॉमस शेलिंग यांचं १९७१ सालचं मॉडेल. चौकटींच्या पटावर दोन प्रकारची नाणी पसरा. समजा, शेजाऱ्यांत निदान एक तृतीयांश आपल्यासारखे नसतील, तर नाण्यानं रिकाम्या चौकटीत जायचं. ‘दुसरे नकोतच’ असं एकाही नाण्याचं म्हणणं नाही. तरीही थोड्याच फेऱ्यांत सारखी नाणी एकत्र येऊन वेगळ्या वस्त्या तयार होतात!

कुणाच्याच मनात नसलेली गोष्ट सगळ्यांच्या वागण्यातून घडू शकते, हे या मॉडेलनं दाखवलं. ते मोठंच आहे. पण ‘घडू शकते’ म्हणजे ‘अशीच घडली’ नव्हे.

अमेरिकेतल्या शहरांचं बघा. १९३४ साली स्थापन झालेलं फेडरल हाउसिंग ॲडमिनिस्ट्रेशन कृष्णवर्णीयांच्या वस्त्यांतल्या गृहकर्जांना हमी नाकारायचं. घरांच्या व्यवहारातल्या वर्णभेदावर देशव्यापी कायदा आला तो १९६८ साली. आता पटाकडे वळा. तिथं बँक नाही, घरमालक नाही. नाणं हवं तिथं जातं. माणसांना नाकारलं गेलं ते नेमकं हेच!

संघटित भेदभाव आणि आर्थिक कारणं आपण बाजूला ठेवली आहेत, हे शेलिंग यांनी स्वतःच नोंदवलंय. मॉडेलचे दाखले देणारे मात्र ते सांगायचं विसरतात. म्हणून मॉडेल समोर आलं की आधी विचारावं, यातून काय काय वगळलंय?