शस्त्र कुणाच्या हातात? रोलप्लेइंग खेळांतील शस्त्रपरवान्याच्या नियमांची समीक्षा

टेबलटॉप रोलप्लेइंग खेळात पात्राचा कागद उघडला की शस्त्रांची यादी दिसते. प्रत्येक शस्त्राची किंमत, वजन आणि त्याने होणारी इजा लिहिलेली असते. ते शस्त्र बाळगायची परवानगी या पात्राला आहे का, हे मात्र क्वचितच लिहिलेले असते. हा प्रश्न ज्यांनी विचारला अशा दोन खेळांचे नियम या टिपणात आपण तपासू आणि त्यांची उत्तरे भारताच्या शस्त्र अधिनियम, १९५९ शेजारी ठेवून पाहू.

१. एका आकड्यातला कायदा

पहिला खेळ 'ट्रॅव्हलर'. मार्क मिलर यांचा हा अंतराळप्रवासाचा खेळ 'गेम डिझायनर्स वर्कशॉप'ने १९७७ साली काढला. त्यात प्रत्येक ग्रहाचे वर्णन काही आकड्यांत केलेले असते. त्यातला एक आकडा म्हणजे कायदा-पातळी. पातळी १ असेल तर स्फोटके आणि विषारी वायू यांवर बंदी. २ ला लेझर शस्त्रे जातात, ३ ला मशीनगनसारखी लष्करी शस्त्रे, ४ ला सबमशीनगन, ५ ला लपवता येणारी पिस्तुले. ६ ला शॉटगन सोडून जवळपास सर्व बंदुका जातात आणि ७ ला शॉटगनही. ८ ला लांब पात्यांच्या हत्यारांवर नियंत्रण येते. ९ ला घराबाहेर कोणतेच शस्त्र नेता येत नाही. वरच्या पातळीवर खालच्या सर्व बंदी लागू राहतात.

या नियमाचे श्रेय आधी देऊ. शस्त्र ही केवळ ताकदीची बाब नसून कायद्याचीही बाब आहे, हे तो खेळाडूला पहिल्याच बंदरावर शिकवतो. पातळी ७ च्या ग्रहावर उतरायचे तर बंदुका यानातच ठेवाव्या लागतात. मग गोळीऐवजी बोलण्याने काम काढावे लागते आणि खेळ अधिक चांगला होतो.

आता हा आकडा येतो कुठून ते पाहा. दोन फासे टाकायचे, बेरजेतून ७ वजा करायचे आणि ग्रहाच्या शासनप्रकाराचा क्रमांक मिळवायचा. दोन फाशांची सरासरी ७ असल्यामुळे पहिला भाग सरासरीने शून्य होतो. म्हणजे कायदा-पातळीची सरासरी ही शासनप्रकाराच्या क्रमांकाएवढीच असते. फासे तिला फार तर ५ ने वर किंवा खाली नेतात. प्रातिनिधिक लोकशाहीचा क्रमांक ४ आहे, परक्या सत्तेच्या ताब्यातील शासनाचा ६, निर्विकार नोकरशाहीचा ९.

हाच आकडा पोलिसांसाठीही वापरतात. दोन फाशांवर कायदा-पातळीइतकी किंवा तिच्याहून मोठी बेरीज पडली तर पात्र पोलिसांच्या त्रासातून सुटते. पातळी ५ असेल तर सुटण्याची शक्यता ३६ पैकी ३०, पातळी ९ असेल तर ३६ पैकी १०. गणित नीटनेटके आहे. पण या गणितात पात्र कोण आहे हे कुठेच येत नाही. फासे सर्वांसाठी सारखे आहेत.

२. पुणे, १८७९

हा आकडा एका खऱ्या ठिकाणाला लावून पाहू. ब्रिटिश सरकारने १८७८ साली हत्यारांचा कायदा केला. हिंदी माणसाला शस्त्र बाळगण्यासाठी परवाना आवश्यक झाला; युरोपीय लोकांना मात्र त्यातून सूट होती. पुढच्याच वर्षी पुणे जिल्ह्यात वासुदेव बळवंत फडके यांनी रामोशी सहकाऱ्यांना घेऊन उठाव केला.

आता समजा, तुम्हाला या काळावर खेळ रचायचा आहे. शासनप्रकार ६, फाशांवर ७ पडले, म्हणून कायदा-पातळी ६. हा आकडा कुणासाठी खरा? छावणीतल्या गोऱ्या अधिकाऱ्यासाठी पातळी जवळपास शून्य आहे. रामोशी समाजाकडे गावाची आणि किल्ल्याची राखण परंपरेने होती. हत्यार हा त्यांच्या कामाचाच भाग होता. त्यांच्यासाठी मात्र हा आकडा बराच वर जातो. एकाच गल्लीत दोन आकडे लागतात. ट्रॅव्हलरमध्ये दुसरा आकडा लिहायला जागाच नाही, त्यामुळे उठाव ज्यातून निघाला त्या विषमतेपैकी निदान ही एक बाजू खेळात उतरतच नाही. माझ्या मते ट्रॅव्हलरच्या नियमाचा हा सर्वांत मोठा दोष आहे.

३. विकत मिळणारा परवाना

दुसरा खेळ 'शॅडोरन', १९८९चा. यात नजीकच्या भविष्यातली मोठाल्या कंपन्यांच्या हातात गेलेली शहरे आहेत. यात शस्त्राच्या नोंदीपुढे खूण असते: काही वस्तू निर्बंधित, म्हणजे परवान्याने मिळणाऱ्या, काही निषिद्ध, म्हणजे सामान्य माणसाला परवाना न मिळणाऱ्या. शिवाय प्रत्येक नागरिकाला ओळख क्रमांक असतो आणि ज्याच्याकडे तो नाही, तो व्यवस्थेच्या लेखी अस्तित्वातच नाही. व्यक्तीचा प्रश्न इथे खेळात येतो. ट्रॅव्हलरच्या पुढे टाकलेले हे पाऊल आहे.

पण अलीकडच्या आवृत्त्यांत खेळाडू सहसा बनावट ओळख आणि बनावट परवाना विकत घेतो. त्याचा दर्जा जितका चांगला, तितके पैसे जास्त. परवाना ही बाजारातली एक वस्तू होऊन बसते. तो नाकारला जाणे, त्यावर दाद मागणे, तो रद्द होणे, यांतले नाट्य वाया जाते.

४. कायदा प्रत्यक्षात काय विचारतो

आता १९५९चा अधिनियम पाहा. तो एकाऐवजी पाच प्रश्न विचारतो.

*कोणते शस्त्र?* हा प्रश्न दोन्ही खेळांत आहे.

*कोण?* काही अपवाद सोडता २१ वर्षे पूर्ण न झालेल्याला बंदूक बाळगता येत नाही. हे वाचणाऱ्या तुमच्यापैकी अनेकजण इथेच थांबतील. परवाना देण्याआधी पोलीस ठाण्याचा अहवाल मागवला जातो. मात्र पुरेशी मालमत्ता नाही एवढ्याच कारणावरून परवाना नाकारता येत नाही, असे कलम १४ सांगते. शॅडोरनच्या नेमके उलट.

*कशासाठी?* कलम १३ नुसार पिकाच्या खऱ्याखुऱ्या राखणीसाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना मिळू शकतो. आमच्याकडे छत्तीसगडात तिला भरमार म्हणतात. पिस्तुलासाठी मात्र सबळ कारण पटवून द्यावे लागते. नियमांतल्या धारदार हत्यारांच्या व्याख्येत ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पाते येते, पण घरगुती आणि शेतीच्या कामासाठी बनवलेली अवजारे वगळली आहेत. उसाच्या फडात कोयता अवजार असतो. तोच रात्री चौकात नाचवला की हत्यार होतो. ट्रॅव्हलरची पातळी ८ हे दोन कोयते वेगळे करू शकत नाही.

*कुठे?* परवान्यावर तो कोणत्या क्षेत्रापुरता चालतो हे लिहिलेले असते. आमच्या वैशाली नगरात राहणारे पात्र दुर्गच्या जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करील. छत्तीसगडपुरता परवाना घेऊन ते नागपूरच्या गाडीत बसले, तर डोंगरगड मागे पडून महाराष्ट्राची हद्द लागताच तीच बंदूक बेकायदा ठरेल. शस्त्र तेच, माणूसही तोच.

*कधी?* निवडणूक जाहीर झाली की अनेक परवानाधारकांना शस्त्र पोलीस ठाण्यात जमा करावे लागते. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली काही दिवसांपुरते मनाई आदेश निघतात. त्या दिवसांत सार्वजनिक ठिकाणी तलवार किंवा भाला घेऊन फिरता येत नाही.

अभियांत्रिकीच्या भाषेत सांगायचे तर कायदा हे पाच चलांचे फल आहे आणि ट्रॅव्हलरने त्यातली तीन चले गाळून दोन ठेवली. प्रारूप सोपे करण्यात काही गैर नाही. आपण घर्षणही गाळतो. पण ज्या उताराचे उत्तर घर्षणावरच अवलंबून आहे, तिथे ते गाळून चालत नाही.

५. याने काय बिघडते

खेळातला कायदा चुकला म्हणून कुणी तुरुंगात जात नाही, हे खरे. पण शस्त्राची वैधता वस्तूला चिकटलेली असते, हा समज खेळाबाहेरही आहे. तलवारीने वाढदिवसाचा केक कापून त्याचा व्हिडिओ टाकणाऱ्या तरुणांवर हत्यार कायद्याखाली गुन्हे दाखल झाल्याच्या बातम्या महाराष्ट्रात वारंवार येतात. "दुकानात मिळाली, धारही नव्हती," असे त्यांना वाटलेले असते. ते फक्त पहिल्या प्रश्नाचे उत्तर देत असतात. कायदा उरलेले चार विचारत असतो. एका गुन्ह्याच्या नोंदीने नोकरीच्या वेळची चारित्र्य पडताळणी अवघड होते.

६. एक सुचवणूक

ट्रॅव्हलरचा तक्ता फेकून देऊ नका. तो पाया म्हणून ठेवा आणि प्रत्येक पात्राच्या कागदावर परवान्याची चौकट जोडा: कुणाच्या नावावर, कशासाठी, कुठवर, केव्हापर्यंत. चारांपैकी जी बाब जुळणार नाही, तिच्यासाठी पोलिसांच्या फाशांवर पातळी १ ने वाढवा. फासे तेच राहतील, पण आता ते सर्वांसाठी सारखे पडणार नाहीत.

स्वाध्याय

भिलाई ते नागपूर प्रवासाचा एक छोटा खेळ रचा. त्यात तीन पात्रे घ्या: भरमार असलेला शेतकरी, रायफल क्लबची खेळाडू आणि वीस वर्षांचा विद्यार्थी. प्रत्येकासाठी पाचही प्रश्नांची उत्तरे लिहा. मग याच तिघांना ट्रॅव्हलरच्या मूळ नियमाने तपासा आणि कुणावर अन्याय झाला ते कारणासह सांगा.