लाट आहे, खलाशी नाहीत

"प्रिंट नाही हं, हाताने काढलंय." मावसभावाच्या नव्या फ्लॅटची वास्तुशांत होती. सोफ्यामागे चार फुटी निळी लाट टांगलेली, आणि तिच्याकडे बोट करून तो हे सांगत होता. या लाटेच्या मूळ जपानी चित्रकाराची, होकुसाईची, याहून उलटी स्तुती मी ऐकलेली नाही. जे चित्र प्रिंट म्हणूनच जन्माला आलं, हजारोंनी छापून स्वस्तात विकलं गेलं, ते आता प्रिंट नाही म्हणून भारी!

मीरा-भाईंदरच्या टॉवरांत सध्या हा माल जोरात आहे. लाट, लाल फुजी, हिरोशिगे या दुसऱ्या जपानी चित्रकाराचा पुलावरचा पाऊस. मोबाइलच्या कव्हरवर लाट येते, त्याबद्दल माझी तक्रार नाही. 2024 पासून ती जपानच्या हजार येनच्या नोटेवरही आहे. तिथे ती निदान छापूनच येते, म्हणजे घराण्याला धरून आहे. सोनेरी वर्ख लावलेला फुजी आणि नाइफने थापलेली चेरीची फुलं यांवर मी शाई खर्च करणार नाही. माझं भांडण फक्त 'हँडपेंटेड' या शब्दाशी आहे.

जवळ जाऊन पाहिलं. लाटेची कड जाड काळ्या ॲक्रिलिकने ओढलेली. होकुसाईच्या लाटेची रेषा निळी आहे. युरोपातून आलेला प्रशियन निळा तेव्हा जपानला नवा होता आणि बाह्यरेषासुद्धा निळ्यातच छापली गेली. म्हणून पाणी पाण्यातूनच उठल्यासारखं दिसतं. काळी कड आली की ती रंग भरायच्या वहीतली लाट होते. आकाशाचंही तेच. छापणारा ओल्या ठोकळ्यावरचा रंग फडक्याने पुसत नेतो, मग कागद ठेवून बांबूच्या सालीत गुंडाळलेल्या चकतीने, म्हणजे बारेनने, पाठीवरून घासतो. त्यातून जी छटा विरत जाते तिला बोकाशी म्हणतात. रंग कागदाच्या तंतूंत मुरलेला असतो. इथे पांढरा मिसळून ब्रश आडवा फिरवलाय आणि फटकारे अभिमानाने राखलेत, हाताचा पुरावा म्हणून. पण मूळच्या चित्रात हात कमी होते का? चित्र काढणारा एक, चेरीच्या लाकडात कोरणारा दुसरा, छापणारा तिसरा, पैसे घालणारा प्रकाशक चौथा. त्यांनी आपले हात दिसू दिले नाहीत, ही त्यांची करामत.

हाताने केलेली नक्कल मुळातच वाईट, असं मात्र मी म्हणत नाही. व्हॅन गॉगने 1887 मध्ये हिरोशिगेची दोन चित्रं तेलरंगात उतरवली; त्यातला पाऊस हिरोशिगेचा नाही, आणि तसा आवही नाही. तो शिकत होता आणि भांडतही होता. जे. जे. कलाशाळेतल्या ग्रिफिथ्सने तिथल्या विद्यार्थ्यांना घेऊन 1872 पासून अजिंठ्याच्या नकला केल्या. 1917-18 च्या सुमारास आराई काम्पो हा जपानी चित्रकार त्याच लेण्यांत नकला करत बसला. (आडनावात आमचं राई गाव आहे, म्हणून मला तो जरा जास्तच जवळचा.) नक्कल करणाऱ्याची मान दुखायला हवी. आजही एखादा विद्यार्थी मूळ मापाच्या, म्हणजे जेमतेम दीड वीत रुंद कागदावर, जलरंगाचे सपाट थर देत हिरोशिगेचं शोनोचं चित्र उतरवताना दिसतो. वळिवात पळणारे पालखीवाले, मागे करड्या बांबूंचे एकाआड एक पडदे. तिसऱ्या बांबूपाशी त्याला कळतं की हे ब्रशने जमत नाही, लाकूडच हवं. मग तो हत्यार घेऊन कोरायला बसतो. अशा फसलेल्या कागदासमोर मी तासभर उभा राहीन.

आणि आपल्याला छापील चित्राची लाज कधीपासून वाटायला लागली? पुण्यात 1878 मध्ये चित्रशाळा निघाली, 1894 मध्ये रविवर्म्याचा छापखाना घाटकोपरला आला. त्या लक्ष्मी-सरस्वतींना आमच्या आज्यांनी जरी आणि टिकल्या लावल्या, देव्हाऱ्यात बसवलं, पण "ही प्रिंट नाही हं" असं कुणाला सांगितलं नाही.

राईत वाढलेल्या माणसाला तर हे जास्तच झोंबतं. मी लहान असताना उन्हाळ्यात गावामागच्या मिठागरांत राशी लागायच्या. दुपारी कोंड्यांच्या पाण्यात आभाळ, मधून बांधाची एक काळी रेघ, टोकाला पांढरी रास. तो आमचा फुजी. चढायला मात्र मनाई, मीठ पायाला लागतं म्हणून नव्हे, मालक ओरडतो म्हणून. हिरोशिगेने काय केलं? रस्त्यावरची माणसं, ओझी, पाऊस, म्हणजे रोजचंच पाहिलं. त्याच्याकडून घ्यायचं तर ते पाहणं घ्या. खाडीला भरती येते, उत्तनच्या बोटी निघतात, मुर्ध्याच्या रस्त्यावर पावसात रिक्षा अडकते. आणि आमचा चित्रकार टॉवरच्या बाराव्या मजल्यासाठी पंचविसावी लाट रंगवतोय, पाठ खिडकीकडे करून.

वास्तुशांतीला उत्तनचे मामा आले होते. उभा जन्म बोटीवर गेलेला. चित्राजवळ गेले, चष्मा वर सरकवला आणि विचारलं, "होडीत माणसं किती?" आम्ही सगळे वाकून पाहायला लागलो. तीन होड्या होत्या, आणि त्यांत पिवळट ठिपक्यांची एकेक ओळ. मूळ चित्रात वल्ह्यांना चिकटून, माना खाली घालून बसलेली माणसं आहेत, ताजी मासळी बाजारात पोचवणारी. सगळी भीती त्यांच्या पाठींत आहे. मामा म्हणाले, "एवढ्या पाण्यात होडी कोण सोडील रिकामी?"

मावसभावाने दुसऱ्या दिवशी चित्रकाराला फोन लावला. माणसं घालून मिळतील, असं उत्तर आलं. दर माणसामागे वेगळे पैसे.