नामधारी सत्ता आणि प्रत्यक्ष अधिकार : रोमन राज्यव्यवस्था व वऱ्हाड

प्राचीन रोमच्या राज्यव्यवस्थेचे अध्यापन सामान्यतः राजेशाही, प्रजासत्ताक आणि साम्राज्य या तीन कालखंडांत केले जाते. ही विभागणी सोयीची असली तरी सदोष आहे. इ. स. पूर्व २७ मध्ये प्रजासत्ताकाच्या संस्था संपुष्टात आल्या, असा समज तीतून दृढ होतो. वस्तुतः ऑगस्टसच्या काळातही सिनेट भरत होते आणि दरवर्षी कॉन्सल निवडले जात होते. त्याने पद आणि अधिकार यांची फारकत केली. सामान्य जनांच्या रक्षणासाठी निर्माण झालेले ट्रिब्यूनचे पद न स्वीकारता त्या पदाचे अधिकार त्याने इ. स. पूर्व २३ मध्ये तहहयात मिळविले. बहुतेक सैन्यही त्याच्याच हाती होते.

नाव एकाचे व अंमल दुसऱ्याचा, ही रचना वऱ्हाडच्या अभ्यासकास अपरिचित नाही. १८५३ च्या तहाने वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे गेला. १९०२ च्या कराराने निजामाचे सार्वभौमत्व मान्य करूनच हा प्रदेश वार्षिक २५ लाख रुपयांच्या मोबदल्यात कायमच्या पट्ट्याने घेण्यात आला. १९०३ मध्ये तो मध्य प्रांताच्या प्रशासनास जोडला गेला. तरीही कायद्याने तो ब्रिटिश हिंदुस्थानचा भाग नव्हता. परिणामी १९१९ च्या सुधारणांनंतर वऱ्हाडच्या मतदारांनी निवडलेले प्रतिनिधी प्रांतिक विधिमंडळात तांत्रिकदृष्ट्या 'नियुक्त' सदस्य ठरत.

रोममध्ये याच्या उलट घडले. इ. स. १४ मध्ये, टायबेरियसच्या काळात, अधिकाऱ्यांची निवड जनसभांकडून सिनेटकडे गेली. जनसभेकडे केवळ औपचारिक मान्यता उरली. वऱ्हाडात निवडणूक खरी आणि नियुक्ती औपचारिक होती. रोममध्ये निवडणूकच औपचारिक झाली.

मात्र हे साम्य ताणणे योग्य नव्हे. ऑगस्टसला ट्रिब्यूनचे अधिकार देताना सिनेट व जनता यांच्या संमतीचा निदान देखावा आवश्यक मानला गेला. वऱ्हाडचा करार दोन सत्ताधीशांमध्ये झाला. ज्यांच्यावर राज्य करावयाचे, त्या रयतेला कोणी विचारले नाही.

सारांश, संस्थांची नावे व कालखंड पाठ करून राज्यव्यवस्था उमगत नाही. नेमणूक कोण करतो, सैन्य व तिजोरी कोणाच्या ताब्यात आहे आणि संमती कोणाची घेतली गेली, हे प्रश्न अध्यापनात अग्रभागी आले पाहिजेत. अमरावती-अकोल्याच्या विद्यार्थ्यास त्यासाठी रोमपासून आरंभ करण्याची गरज नाही. वऱ्हाडचा इतिहास त्यास पुरेसा आहे.