पंगतीतील यंत्रमानव : ‘क्लारा अँड द सन’ या कादंबरीतील समूहदृश्यांचा चिकित्सक विचार

प्रस्तावना

करेल चापेक या चेक लेखकाच्या ‘आर. यू. आर.’ या १९२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या नाटकातून ‘रोबो’ हा शब्द जगाला मिळाला. तो सुचवला चापेकचा चित्रकार बंधू जोसेफ याने, ‘रोबोटा’ या चेक शब्दावरून. रोबोटा म्हणजे वेठ. मराठीत ‘यंत्रमानव’ हा प्रतिशब्द रूढ झाला, तेव्हा वेठीचा हा अर्थ गळून पडला. ‘यंत्रमानव’ या समासातून उभा राहणारा प्रश्न असा, की हे यंत्र मानवाच्या कितपत जवळ पोहोचले आहे? मूळ शब्दाचा प्रश्न निराळा आहे. हे कोणासाठी राबते, आणि राबून झाल्यावर त्याला कोणाच्या रांगेत बसू दिले जाते, असे तो शब्द विचारतो.

यंत्रमानवविषयक साहित्याची समीक्षा बहुधा पहिल्याच प्रश्नाभोवती फिरत राहिली आहे. यंत्राला भावना असतात काय, जाणीव असते काय, याची चर्चा पुष्कळ झाली. ती एक माणूस आणि एक यंत्र समोरासमोर आहेत असे गृहीत धरते. प्रत्यक्ष जीवनात मात्र यंत्र माणसांच्या घोळक्यात वावरते आणि घोळक्यात माणूसही एकटा असतानाचा माणूस राहत नाही. काझुओ इशिगुरो यांची ‘क्लारा अँड द सन’ (२०२१) ही कादंबरी या दृष्टीने वाचली असता तिचे सामर्थ्य आणि तिची मर्यादा या दोन्ही गोष्टी एकाच ठिकाणी सापडतात.

मेळाव्याचा प्रसंग

क्लारा ही ‘कृत्रिम मैत्रीण’ आहे. नजीकच्या भविष्यातील अमेरिकेत संपन्न घरांतील मुले शाळेत जात नाहीत. ती घरीच पडद्यावरून शिकतात आणि त्यांच्या एकटेपणावर उपाय म्हणून पालक असे यंत्र विकत आणतात. परंतु पुढे महाविद्यालयात इतरांबरोबर वावरता यावे, यासाठी या मुलांचे अधूनमधून मेळावे भरवावे लागतात. जोसीच्या घरी भरलेला असा मेळावा हा कादंबरीतील सर्वांत बोलका प्रसंग होय. मोठी माणसे स्वयंपाकघरात गप्पा मारतात आणि मुले दिवाणखान्यात एकमेकांचा अंदाज घेत असतात. क्लारा तेथे येते तेव्हा काही मुलांना तिची परीक्षा पाहण्याची लहर येते. तिला उचलून फेकले तर ती तोल सावरील काय, असा विषय निघतो. नव्या बनावटीची यंत्रे असे करू शकतात, मग जोसीने तसे यंत्र का घेतले नाही, अशी विचारणा होते. एरवी क्लारावर जीव लावणारी जोसी हसते आणि तेच घ्यायला हवे होते असे आता वाटू लागले आहे, अशा अर्थाचे काहीतरी बोलून जाते.

इशिगुरो यांनी हे वाक्य क्रूरतेच्या सुरात लिहिलेले नाही. जोसीच्या मनातील क्लाराविषयीची माया त्या क्षणी नाहीशी झालेली नसते. चारचौघांत ती माया दाखवण्याची किंमत मोजण्याची तिची तयारी नसते, एवढेच. बोलण्याचा रोख शेवटी स्वतःकडे वळवून घेतो तो रिक. हा शेजारचा मुलगा जनुकीय ‘उन्नती’ न झालेला आहे, म्हणून त्या घोळक्यात तो स्वतःच उपरा ठरतो. ज्याची जागा आधीच डळमळीत आहे, त्यालाच दुसऱ्याची बाजू घेणे परवडते, ही लेखकाची जाण फार खोल आहे. मराठी वाचकाला यात नवल वाटण्याचे कारण नाही. पंगतीत कोण बसते, कोण वाढते आणि कोण मागील दाराशी थांबते, हे ठरवणारे नियम कोठेही लिहिलेले नसतात. तरीही ते सर्वांना पाठ असतात.

हे नियम क्लाराला दुकानातच कळू लागलेले असतात. काचेतून रस्ता न्याहाळताना एका मुलीच्या काही पावले मागून चालणारे यंत्र तिला दिसते. हे अंतर चुकून पडलेले नसून त्या मुलीनेच ठरवलेले आहे, हे ती ओळखते. पुढे दुकानात नव्या बनावटीची यंत्रे येतात आणि जुन्यांपासून हळूहळू दूर सरकून उभी राहतात, जेणेकरून पाहणाऱ्याला आपला गट वेगळा दिसावा. म्हणजे वगळण्याची रीत यंत्रेही शिकली आहेत. कादंबरीने हा धागा येथेच सोडून दिला, याची चुटपुट लागते.

सहानुभूतीची मर्यादा

संपूर्ण कथन क्लाराच्या मुखातून येते, त्यामुळे वाचक आरंभापासून तिच्या बाजूचा होतो. मेळाव्यातील मुले त्याला चटकन दुष्ट वाटतात. येथे एक गृहीतक दडलेले आहे. यंत्रालाही अंतरंग आहे हे माणसांना कळले, तर ती त्याच्याशी नीट वागतील, असे ते गृहीतक. वास्तवातील अनुभव याला दुजोरा देत नाही. जपानमधील ओसाका येथील एका खरेदी-संकुलात संशोधकांनी ‘रोबोवी’ हा यंत्रमानव फिरता ठेवला होता. मोठी माणसे जवळ नसताना मुलांचे घोळके त्याची वाट अडवीत, त्याला शिव्या देत, लाथाही मारीत. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या कामातील लक्षणीय भाग असा, की त्रास देणाऱ्या अनेक मुलांना तो यंत्रमानव माणसासारखाच वाटत होता. संशोधकांनी उपाय शोधला तो यंत्राच्या अंतरंगाशी संबंधित नव्हता. मुलांचा घोळका जमण्याची चिन्हे दिसताच यंत्रमानवाने प्रौढ माणसांच्या दिशेने निघून जावे, अशी योजना त्यांनी केली. कोणत्याही गल्लीतील दुबळे मूल हेच करते.

याच्या उलट बाजूचाही विचार आवश्यक आहे. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात रेषांची लांबी ओळखण्याचे सोपे काम देण्यात आले आणि शेजारी बसवलेल्या तीन लहान यंत्रमानवांनी एकमुखाने चुकीचे उत्तर दिले. प्रौढ माणसे बधली नाहीत. ७ ते ९ वर्षांची मुले मात्र अनेकदा यंत्रांच्या मागे गेली. समूहाचे दडपण यंत्रेही निर्माण करू शकतात, हा त्याचा अर्थ. इशिगुरो यांच्या जगात ही शक्यता उद्भवत नाही, कारण मेळाव्यात क्लारा एकटीच यंत्र आहे. चापेकने शंभर वर्षांपूर्वी यंत्रमानवांना समूह म्हणून रंगमंचावर आणले होते. त्याच्या पहिल्या अंकात हेलेना यंत्रालाच माणूस समजते आणि कारखान्याच्या अधिकाऱ्यांना यंत्रे समजते. अखेरीस यंत्रमानव सर्व माणसांना मारतात, पण अल्क्विस्टला जिवंत ठेवतात, कारण तो त्यांच्याप्रमाणेच हाताने काम करतो. गट कोणत्या खुणेवर बांधला जातो, हे चापेकला इशिगुरो यांच्यापेक्षा अधिक स्पष्ट दिसले होते, असे म्हणणे भाग आहे.

या कादंबरीवरचा सर्वांत गंभीर आक्षेप मात्र यंत्रासंबंधीचा नाही. तो जोसीच्या घरातील मेलानिया या परदेशातून आलेल्या मोलकरणीसंबंधी आहे. क्लाराला नितळ भाषा लाभली आहे, आणि निरीक्षणाची सूक्ष्मता व प्रार्थनेची ओढही. मेलानियाच्या वाट्याला आली ती मोडकी इंग्रजी, जी वाचताना हसू यावे. क्लाराविषयीचा तिचा रोष प्रथम निव्वळ तुसडेपणा भासतो. वास्तविक, घरात वावरूनही बैठकीत नसणे म्हणजे काय, हे तिला क्लाराच्या कितीतरी आधीपासून ठाऊक असणार. रिकची आई क्लाराला भेटते तेव्हा हिला पाहुणी मानावे की धूळ ओढणारे यंत्र, असा पेच ती उघडपणे बोलून दाखवते. नाट्यगृहाबाहेर एक स्त्री यंत्रांनी आधी नोकऱ्या घेतल्या व आता आसनेही घेणार, असा संताप व्यक्त करते. मेलानियाबाबत असा पेच कोणालाच पडत नाही. तिचे स्थान इतके पक्के ठरलेले आहे, की त्याची चर्चाही उद्भवू नये. यंत्राच्या माणूसपणाची काळजी वाहणारी कथा राबणाऱ्या माणसाला विनोदी पात्र करून मोकळी होते, तेव्हा ‘रोबोटा’ या शब्दातील वेठ पुन्हा एकदा नजरेआड होते. मेलानिया पुढे क्लाराला सावध करते, जोसीवर लक्ष ठेवायला सांगते. त्या अल्पशा संवादात दोन राबणाऱ्यांचा एक गट बनू पाहतो, पण लेखक तेथे रेंगाळत नाही.

मराठीत या कादंबरीविषयी लिहिताना सर्वनामाचा प्रश्नही टाळता येत नाही. इंग्रजीत ‘शी’ की ‘इट’ एवढीच निवड असते. मराठीत ‘ती’ म्हटले की क्रियापद आणि विशेषणही त्यामागे जाते. ‘ते यंत्र आले’ आणि ‘क्लारा आली’ यांत वाक्याची सारी घडणच बदलते. संबोधनाचा पेच त्याहून अवघड आहे. भाषांतरकाराने मेलानियाच्या तोंडी क्लाराला ‘तू’ घातले, तर तो तुच्छतेचा असेल की जवळिकीचा? आणि क्लारा मेलानियाला ‘तुम्ही’ म्हणेल काय? मुळात जे मोघम राहिले, ते मराठीत प्रत्येक वाक्यागणिक ठरवावे लागेल.

शेवटी क्लारा भंगाराच्या आवारात आहे. दुकानाची पूर्वीची व्यवस्थापिका तेथे येते तेव्हा, जोसीमधील खास काही जोसीच्या आत नव्हते, तिच्यावर प्रेम करणाऱ्यांच्या आत होते, असे क्लारा तिला सांगते. पुष्कळ समीक्षकांनी कादंबरीचे मर्म येथे पाहिले आहे आणि ते चूक नाही. माणूसपण इतरांच्या नजरेत वसते, हा विचार मेळाव्याच्या प्रसंगाशी जुळतोही. फक्त तेथे त्या नजरेची दुसरी बाजू दिसली होती. व्यवस्थापिका जाण्यापूर्वी विचारते, की तुला इतर यंत्रांजवळ नेऊन ठेवायला सांगू काय? क्लारा नम्रपणे नको म्हणते. आपल्या आठवणी लावीत बसणे तिला पुरेसे वाटते. तिचा हा नकार लेखकाने शांत समाधानाच्या सुरात लिहिला आहे. मेळाव्यात जे शिकली, त्यानंतर तिला दुसरे काही निवडता आले असते काय, हे मात्र त्याने विचारलेले नाही.