पाम : एक परीक्षण

नाटकाचे परीक्षण होते, पुस्तकाचे होते, हल्ली तर मिसळीचेही होते. मग कुंडीतल्या पामाने काय घोडे मारले? सातिवलीच्या औद्योगिक वसाहतीत हिंडा. ज्या गाळ्याच्या हापिसाला काचेचे दार आहे, त्याच्या मागे हा पठ्ठ्या बहुधा उभा असतोच. पाहुण्याला चहा मिळो न मिळो, पामाचे दर्शन नक्की.

आधी नावाविषयी. नर्सरीवाला याला 'अरेका' म्हणतो. अरेका म्हणजे खरी आपली सुपारी. मलयाळी 'अडक्क' पोर्तुगीजांच्या तोंडी 'अरेका' झाला आणि शास्त्रज्ञांनी तो सुपारीलाच चिकटवला. पोर्तुगीज १७३९ साली वसईहून गेले. नाव मात्र नर्सरीच्या पाटीवर परत आले, तेही भलत्याच्याच गळ्यात! कारण हे कुंडीतले गृहस्थ मूळचे मादागास्करचे. केवायसी मागितली तर यांचे साधे बचत खाते उघडायचे नाही.

दिसायला मात्र झकास. पिवळसर देठ, कमानदार पाने, डौल असा की खुर्चीची फाटकी गादी कुणाला दिसू नये. मागण्या मोठ्या साहेबांसारख्या : उजेड हवा पण दुपारचे ऊन नको, पाणी हवे पण पायाशी साचलेले नको. वरची माती बोटाला कोरडी लागली की पाणी घालावे आणि ते भोकातून निथळू द्यावे. आमच्याकडे पाणी टँकरचे नाहीतर बोअरचे. त्यातले क्षार कुंडीत चक्रवाढीने साठतात, पानांची टोके करपतात. मग कुणीतरी 'खत कमी पडलं हो' म्हणून आणखी खत ओततो. म्हणजे कर्ज फेडायला नवे कर्ज! त्यापेक्षा पावसाळ्यात कुंडी चार दिवस पागोळ्यांखाली ठेवावी, माती आपोआप धुऊन निघते. आणि शेंडा छाटू नये. या खोडाला फांद्या फुटत नाहीत. शेंडा गेला की ते खोड संपले.

इथवर सगळे ठीक. पण मालक जेव्हा 'हवा शुद्ध करतो बरं का' म्हणतात, तेव्हा परीक्षकाला पेन्सिल उचलावीच लागते. ही दंतकथा नासाच्या १९८९ च्या अहवालावरून पसरली. तिथे झाडे ठेवली होती लहानशा बंद पेटीत. २०१९ मध्ये कमिंग्ज आणि वॉरिंग या अमेरिकन संशोधकांनी असले जुने प्रयोग एकत्र तपासले. इमारतीत एरवी जी हवा खेळते तिची बरोबरी करायची तर म्हणे दर चौरस मीटरला दहा ते हजार झाडे लागतील! आम्ही कॉमर्सवाले. तीनशे चौरस फुटांचे हापिस म्हणजे अठ्ठावीस चौरस मीटर, म्हणजे कमीत कमी दोनशे ऐंशी कुंड्या. मालकांनी बसायचे कुठे?

शिवाय पाम बाहेर, एसीत. थिनरचा वास आत, पार्टिशनच्या पलीकडे, जिथे पोरे रंगाचे काम करतात. तिथे पाम नाही. तिथे एक्झॉस्ट पंखा आहे, त्याच्या पात्यांवर कोळ्याने जाळे विणले आहे आणि पंखा फिरत नसल्याने ते शाबूत आहे. पामाच्या पानांवरची धूळ मात्र दर सोमवारी ओल्या फडक्याने पुसली जाते. पुसतो तो आतलाच एक पोरगा, नाकावरचा रुमाल तेवढ्यापुरता खाली सरकवून.