संस्कार आणि थकवा : मुलं वाढवण्याविषयीची आपली पुस्तकं



संयोजकांनी आम्हाला विषय दिला 'बालसंगोपन'. आम्ही बालरोगतज्ज्ञ नाही. गुटी किती वळसे उगाळावी, दात येताना ताप आला तर काय करावं, हे आम्हाला विचारू नका. आमचा धंदा पुस्तकं वाचण्याचा आणि त्यांतल्या गृहीतकांची झडती घेण्याचा. तेव्हा आज आपण मुलं वाढवण्याविषयी आपल्या भाषेत जे लिहिलं गेलं, त्यातल्या दोन पुस्तकांकडे जरा टीकेच्या नजरेनं बघू. हे करायचं कारणही सांगून ठेवतो. ज्या घरात दीड-दोन वर्षांचं मूल आहे, त्या घरातली बाई आज स्वतःला कुठल्यातरी पुस्तकाच्या मापानं मोजते आणि कमी भरते. ते माप तपासायला हवं.

सुरुवात आमच्या शास्त्रापासूनच करू, म्हणजे पक्षपात केला असं व्हायला नको. तत्त्वज्ञांनी लहान मुलांकडे जवळजवळ पाहिलंच नाही. ज्यांनी पाहिलं, त्यांतला मोठा माणूस रूसो. १७६२ सालचा त्याचा 'एमिल' हा ग्रंथ शिक्षणशास्त्रातला मैलाचा दगड, यात शंका नाही. मुलाला लहान आकाराचा मोठा माणूस समजू नका, हे त्यानं युरोपला पटवलं. आईनं मुलाला स्वतःच अंगावर पाजावं, असाही त्याचा आग्रह. पण त्या ग्रंथातली व्यवस्था बघा. एक निरोगी मुलगा आणि त्याच्यासाठी सगळं आयुष्य मोकळं ठेवलेला एक शिक्षक. घरात दुसरं मूल नाही, चूल नाही, कर्ज नाही. आणि रूसोनं स्वतःची पाच मुलं अनाथालयात धाडली होती. तसं त्यानंच आत्मचरित्रात लिहून ठेवलं आहे. हे आम्ही त्याला लाज आणण्यासाठी सांगत नाही. मुद्दा इतकाच, की मुलांचा रोजचा सहवास टाळूनही मुलांविषयी थोर ग्रंथ लिहिता येतो. मग अशा ग्रंथात काय गळतं, हा प्रश्न विचारावाच लागतो.

आता आपल्याकडे येऊ. मराठी माणसाला विचारा, मूल वाढवण्याविषयीचं पुस्तक कोणतं? उत्तर एकच येईल. 'श्यामची आई'. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात ते लिहिलं. अत्र्यांनी त्यावर चित्रपट काढला आणि पहिलं राष्ट्रपती सुवर्णपदक त्याला मिळालं. नंतर बक्षीस समारंभ, मुंज, वाढदिवस, जिथं तिथं हे पुस्तक हातात आलं. आम्हीही अनेकांच्या हातात ठेवलं आहे, आणि पुढेही ठेवू.

या पुस्तकाचं मोठेपण नेमकं कशात आहे? भाजीतलं मीठ, पत्रावळीचा टाका, अंघोळ झाल्यावर पायाला लागणारी माती, असल्या बाबतींत नीतीचा प्रश्न असतो, हे त्यानं दाखवलं. कांटसारखा तत्त्वज्ञ कर्तव्याबद्दल बोलतो तेव्हा त्याच्या उदाहरणांत व्यापारी असतो, कर्जदार असतो, खोटं वचन देणारा असतो. स्वयंपाकघर नसतं. गुरुजींनी नीतिशास्त्र ओट्यापाशी, नाही, त्या काळातल्या चुलीपाशी आणून बसवलं. ही साधी गोष्ट नव्हे.

पण पुस्तकाची घडण पाहा. प्रौढ श्याम आश्रमातल्या मित्रांना रोज रात्री एक आठवण सांगतो. एक रात्र, एक प्रसंग, एक शिकवण. आई हयात नाही. म्हणजे सांगणारा मुलगा, ऐकणारे आश्रमवासी, आणि जिच्याविषयी चाललंय ती बोलायला जागेवर नाही. आठवणीचा स्वभावच असा, की ती निवडते. वर्षाच्या तीनशे पासष्ट दिवसांतून ती चाळीसेक दिवस उचलते, आणि उचललेला प्रत्येक दिवस अर्थपूर्ण असतो. उरलेल्या दिवसांचं काय? ज्या दिवशी मूल उगीच किरकिरत राहिलं, भरवलेला घास थुंकत राहिलं, दुपटी वाळली नाहीत, आणि संध्याकाळी कुणालाच काही शिकवण मिळाली नाही, तो दिवस या पुस्तकात येऊच शकत नाही. त्याला रात्र मिळत नाही.

पोहण्याचा प्रसंग आपल्याला आठवत असेल. श्याम पाण्याला भितो, लपून बसतो. आई त्याला शोधते, मारते आणि विहिरीवर पाठवते. मागाहून प्रेमानं समजावतेही. अमेरिकेत सारा रडिक नावाच्या तत्त्वज्ञ बाई होऊन गेल्या. १९८९ साली त्यांचं 'मॅटर्नल थिंकिंग' हे पुस्तक आलं. मूल वाढवणं हे नुसतं वात्सल्य नव्हे, तो विचार करण्याचा एक प्रकार आहे, असं त्या म्हणतात. मुलाच्या आईकडून तीन मागण्या असतात : जीव जपणे, वाढ होऊ देणे, आणि समाजाला चालेल असं माणूस घडवणे. गंमत अशी, की या तिन्ही मागण्या एकमेकींशी भांडतात. जपायचं तर पाण्यापासून लांब ठेवा. वाढवायचं तर पाण्यात ढकला. लोक भित्रा म्हणतील, ही तिसरी मागणी. विहिरीच्या प्रसंगात तिन्ही हजर आहेत, आणि गुरुजींनी हे १९३३ साली लिहिलंय, हे लक्षात घ्या. रडिकबाईंना याहून चांगलं उदाहरण मिळालं नसतं.

फरक पडतो तो शेवटी. पुस्तकात हे भांडण त्या रात्रीतच मिटतं. श्याम पोहायला शिकतो, आईचा मार योग्य ठरतो. प्रत्यक्ष घरात ते मिटत नाही. मारलं ते बरोबर की चूक, हे वीस वर्षांनीही कळत नाही, आणि मारणाऱ्या हाताला तोवर झोप नसते. निकाल आधी माहीत असलेल्या पुस्तकानं आपण निकाल न लागलेले दिवस मोजतो. इथं माप चुकतं.

आणखी एक. 'अळणी भाजी'ची रात्र घ्या. आई भाजीत मीठ घालायला विसरते. वडील काही न बोलता जेवतात, आईला स्वतः जेवायला बसल्यावर कळतं आणि ती हळहळते. आपण यातून वडिलांचा मोठेपणा शिकतो; शिकावाच. पण मीठ का विसरलं? त्या बाईच्या मागे त्या दिवशी कामं किती होती? हे आपण वाचक विचारत नाही. याच पुस्तकात 'कर्ज म्हणजे जिवंतपणीचा नरक' या नावाची रात्र आहे. पुस्तकाचा उत्तरार्ध कर्जानं, सावकाराच्या माणसाकडून झालेल्या अपमानानं, आजारपणानं भरलेला आहे. गुरुजींनी ते लपवलं नाही. बक्षिसाच्या समारंभात आपण ते लपवलं. 'संस्कारांचं पुस्तक' असा शिक्का मारला आणि त्या आईला कशानं मारलं ते विसरलो. आमची तक्रार गुरुजींपेक्षा या वाचनाबद्दल आहे.

'संस्कार' हा शब्दच बघा. सोनार सोन्यावर करतो, तशी ती वरून खाली होणारी क्रिया. करणारा पूर्ण, ज्यावर करायचा तो कच्चा. दोन वर्षांच्या मुलाबरोबर एक दिवस काढलेल्या माणसाला ठाऊक असतं, की क्रिया दोन्हीकडून चालते. मूल आपल्या संयमाची, झोपेची, रागाची परीक्षा घेतं आणि बऱ्याचदा नापास करतं.

आता दुसरं पुस्तक. त्याच दशकात, १९३४ पासून भागाभागानं, लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' प्रसिद्ध झाली. हे बालसंगोपनाचं पुस्तक म्हणून कुणी वाचत नाही. आम्ही म्हणतो, वाचा. इथं बोलणारी स्वतः बाई आहे, गृहिणी आहे, आई आहे. सत्तावन्नच्या धामधुमीत त्यांच्या आजोबांना फाशी झाली, आणि त्यानंतर वडिलांना सोवळ्याचं विलक्षण वेड लागलं. घरात येईल ती वस्तू धुवायची. त्या वेडाखाली त्या घरातली मुलं कशी भरडली, हे लक्ष्मीबाई सांगतात, आणि सांगताना हसवतात. बापावर निकाल देत नाहीत, की त्याला देवही करत नाहीत. पुढे नवऱ्यानं धर्मांतर केलं. लहानग्या दत्तूला घेऊन काही वर्षं वेगळं राहावं लागलं. टिळक कवी माणूस; हातात पैसा टिकायचा नाही, आणि कधी कुठं निघून जातील याचा नेम नाही. संसाराची ही सगळी तारांबळ बाई सांगतात ती शिकवण काढण्यासाठी नव्हे. घडलं म्हणून सांगतात. फजिती झाली तर फजितीच राहते.

डोनाल्ड विनिकॉट हा इंग्लंडमधला बालरोगतज्ज्ञ आणि मनोविश्लेषक. बीबीसीवरून तो आयांशी बोलत असे. आई आदर्श असण्याची गरज नाही, पुरेशी चांगली असली की झालं, हा त्याचा विचार प्रसिद्ध आहे. बाळाला सुरुवातीला जवळजवळ सगळं मिळावं लागतं. मग हळूहळू, पेलेल इतक्या बेतानं, आई कमी पडत गेली, तर त्यातूनच त्याला कळतं की जग माझ्या हुकमावर चालत नाही. म्हणजे थोडं कमी पडणं हाही वाढवण्याचाच भाग. एवढंच नव्हे, आईला आपल्या तान्ह्याचा अधूनमधून द्वेष वाटतो, आणि तो वाटायला पुष्कळ कारणं असतात, याची यादीच त्यानं १९४९ च्या एका निबंधात दिली. आपल्याकडे हे वाक्य उच्चारायचीही सोय नाही. पण लक्ष्मीबाईंच्या हसण्यात ती सोय थोडी आहे.

कुणी म्हणेल, प्राध्यापक, थकव्याचं एवढं कौतुक कशाला? कौतुक नाही. थकवा दिसला की उपाय सुचतो, दिसला नाही की उपदेश सुचतो, एवढंच आमचं म्हणणं. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीला आणि मग कोसबाडला वारली पाड्यांतल्या मुलांसाठी काम केलं. मुलं शाळेत का येत नाहीत? कारण मोठ्या बहिणीच्या काखेत धाकटं भावंड असतं. या बायांनी आयांना व्याख्यान दिलं नाही. पाळणाघर, बालवाडी आणि शाळा एकाच ठिकाणी आणली. मुलं येत नाहीत तर अंगणात जाऊन वर्ग भरवला. आज देशभर 'अंगणवाडी' हा शब्द चालतो, त्यामागे असं बघणं आहे.

उलट २०१७ च्या मातृत्व लाभ कायद्यातली दुरुस्ती घ्या. सव्वीस आठवड्यांची रजा आली, पन्नास किंवा अधिक कर्मचारी असतील तिथं पाळणाघर आलं, चांगलं झालं. पण खासगी नोकरीतल्या बापाला त्यात एक दिवसही नाही. कायद्यालाही मूल म्हटलं की आईच दिसते. हा कायदा करणारी माणसंही बक्षिसात तेच पुस्तक मिळवून मोठी झाली असतील, नाही का?

आता तर 'पालकत्व' नावाचा नवा विषय निघालाय. मोबाईलवर मिनिटभराची चित्रफीत येते : मूल हट्ट करतं, आई खाली बसते, डोळ्यांत बघून तीन वाक्यं बोलते, मूल शांत. एक प्रसंग, एक शिकवण. घडण तीच, फक्त गुरुजींची करुणा त्यातून गेली आणि कर्जाची रात्र तर कधी येतच नाही.

तेव्हा मुलं वाढवण्याविषयीच्या कुठल्याही पुस्तकाला आम्ही एक कसोटी लावू. सकाळी ज्या आईनं किंवा बापानं मुलावर हात उगारला, त्याला संध्याकाळी ते पुस्तक उघडता येतं का? उघडून उद्याची सकाळ थोडी सोपी होते का? 'स्मृतिचित्रे' या कसोटीला उतरतं. 'श्यामची आई'सुद्धा उतरेल, पण कर्जाच्या रात्रींसकट सगळं वाचलं तर. निवडक वाचलं तर नाही.

इथं समोर बसलेले बहुतेक जण आजी-आजोबांच्या वयाचे आहेत. घरी गेल्यावर सुनेला, लेकीला किंवा जावयाला एखादं पुस्तक द्यावंसं वाटलं तर जरूर द्या. पण त्याआधी बाळाला तासभर मांडीवर घ्या, आणि त्यांना झोपू द्या.